बाहेरचा नळ

चुरीभाऊ शहाणे होते की अर्धवट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही, असा माझा समज आहे. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांच्या ओट्यांवर बसून काढली. कोण खोटं बोलतंय, कोण लाजतंय, कोण चहा पाजून कटवतंय, हे मला चपला काढायच्या आत कळायचं. पण या एका माणसापुढे माझं घोडं अडलं ते अडलंच.

उंच, खांद्यातून वाकलेले, आणि शर्टाची बटणं कायम एक घर चुकलेली. एकदा मी न राहवून म्हटलं, "चुरीभाऊ, अहो बटणं." त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "शेवटी एक उरतं ना बाई, ते सुट्टं असलेलं बरं." आता याला काय म्हणायचं? मी गप्प बसले. त्यांच्याशी बोलताना मी फार वेळा गप्प बसले आहे, आणि माझा तो स्वभाव नाही.

सूर्याला ते 'मोठे साहेब' म्हणत. सकाळी कचेरीच्या दारात उभे राहून सांगत, "मोठे साहेब आज दहापर्यंत काय येत नाहीत." नवीन लागलेला कारकून बिचारा टेबल आवरायला धावायचा. चुरीभाऊ त्याला थांबवत नसत. टेबल आवरलेलं बरंच, असं त्यांचं म्हणणं.

ही ऐंशीनंतरची वर्षं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि मी तिथे मुख्यसेविका. गरीब घरांना सवलतीत सौर बंब द्यायची योजना आली. बायकांना समजावायचं काम माझं, आणि बंब बसवायला फिटर म्हणून आले चुरीभाऊ. मूळचे केळव्याचे. आधी बोईसरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. पक्की नोकरी सोडून हंगामी नोकरीवर आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं एका आगीमागं तीन पाळ्या माणसं लागतात. हा बॉयलर फुकट पेटतो, आणि संध्याकाळी आपला आपण बंद होतो." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की थट्टा असेल तर कुणाची, तेच मला कळेना.

बंब म्हणजे एक पेटी होती. वर काच, काचेखाली काळा पत्रा, पत्र्याखाली पाणी. सकाळी वरून बादल्या ओतायच्या, दुपारी खालच्या नळानं ऊन पाणी घ्यायचं. वर गोधडी टाकली तर रात्रीपर्यंत कोमट राहायचं. आम्ही सुरुवात किनाऱ्यावरच्या मुरबे गावापासून केली. तिथली घरं कौलारू. पाण्यानं भरलेली पेटी कौलांवर ठेवली तर पेटीसकट कौलं चुलीत यायची. म्हणून चुरीभाऊंनी लोखंडी घोडे जोडून घेतले आणि पेट्या अंगणात, दारासमोर उभ्या केल्या. तोंडं सगळ्यांची दक्षिणेला, कारण आपल्याकडे ऊन त्या अंगानं येतं. एका रांगेत चकाकणाऱ्या काचा बघून मला, खरं सांगते, भरून आलं होतं.

मुरब्यात जानूबायचं घर हे आमचं ठाणं. जानूबाय म्हणजे उंच कपाळाची, काळीसावळी, नवरा होडीवर, स्वतः पालघरच्या बाजारात मासे विकणारी. अख्खी आळी तिचं ऐकायची. तिची सून सुनंदा. आदल्या वर्षी सुनंदा चुलीवरचा उकळता हंडा मोरीत नेताना घसरली होती आणि मांडीपासून पायापर्यंत भाजली होती. चुरीभाऊ त्या दिवशी तिथेच घोड्यांची मापं घ्यायला गेलेले. त्यांनीच तिला टेंपोत घालून पालघरच्या दवाखान्यात आणलं. वाटभर ती कण्हत होती आणि हा माणूस तिला सांगत होता, "पोरी, यापुढं तुला हंडा उचलायला लागणार नाय. नुसता नळ पिळायचा." मी सोबत होते, मी ऐकलं आहे. पायावर जळल्याच्या खुणा राहिल्या त्या राहिल्याच, आणि पेट्या आल्या तेव्हा सुनंदा पोटुशी होती.

बंब बसवल्यावर आठवड्यानं आम्ही बघायला गेलो, तर जानूबायच्या पेटीवर काचभर जवळा पसरलेला. गुलाबी, बारीक, कुरकुरीत. खाली कोंबडी पिलं घेऊन बसलेली. माझं डोकंच फिरलं. सरकारनं काच दिली ती ऊन आत जायला, आणि यांनी त्यावर मासळी वाळत घातली. मी तोंड उघडणार, तोवर चुरीभाऊंनी चिमूटभर जवळा उचलून तोंडात टाकला आणि विचारलं, "कवा टाकलंस?"

"सकाळच्याला," जानूबाय म्हणाली. "रेतीवर दोन दिस लागतात. हितं एका दिसात होतो. आनि रेतीबी लागत नाय."

"छान वाळतो," चुरीभाऊ म्हणाले. आणि पुढच्या खेपेला पेटीच्या बाजूला लावायला एक लाकडी चौकट घेऊन आले, वर काळा पत्रा ठोकलेली, खास जवळ्यासाठी. मी वाटेत त्यांची खरडपट्टी काढली. आपण बंबाची योजना राबवतो आहोत की जवळ्याची? ते सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "काच मोकळी झाली ना बाई." झाली होती. हे मला कबूल करावं लागलं, आणि म्हणून राग जास्तच आला.

तर काच मोकळी झाली, पाणी तापू लागलं. पण त्या पाण्यानं कुणी अंघोळ करेना. पाय धुवायचे, माशांच्या पाट्या धुवायच्या, भांडी धुवायची. अंघोळीला मात्र पुन्हा तीच चूल, तोच धूर आणि तोच हंडा. मी घरोघर विचारलं. एक म्हणाली, "बगू." दुसरी म्हणाली, "करतो की." तिसरी नुसती हसली आणि चहा टाकायला आत गेली. बाजारातून दुपारी परतलेल्या बाईला माशाच्या वासाचं अंग घेऊन बसवत नाही, आणि नेमकं दुपारीच पेटीत कढत पाणी असतं. याहून सोयीचं काय हवं? मला काही उलगडा होईना. चुरीभाऊंनाही होईना. ते पाण्यात कोपर बुडवून बघत, तान्ह्याच्या अंघोळीला बायका बघतात तसं. कधी म्हणत, लोखंडाचा वास येत असेल. मग टाकी धुऊन काढत. कधी म्हणत, फार कढत होत असेल. मग काचेवर अर्धं गोणपाट टाकत. एकदा तर पेट्यांना आतून दुसरा रंग दिला. बायका सगळं कौतुकानं बघायच्या आणि संध्याकाळी चूल पेटवायच्या.

अशात वरून निरोप आला. तपासणीला साहेब येणार. अंघोळीला बंब वापरत नसतील तर पेट्या उचलून दुसऱ्या तालुक्यात देणार. योजना अंघोळीच्या पाण्यासाठी होती, पाट्या धुवायला नव्हे, आणि साहेबांचं त्यात काही चुकत नव्हतं. मला माझ्या अहवालाची काळजी. चुरीभाऊ मात्र एवढंच म्हणाले, "सुनंदाला सातवा लागला."

दुसऱ्या दिवशी मुरब्याला गेलो. दुपार होती, जानूबाय अजून बाजारातून यायची होती. शेजारच्या दोघीतिघी जाळी विणत ओट्यावर बसल्या होत्या, सुनंदा दारात. मी आपली ऊन पाण्याचे फायदे सांगायला सुरुवात केली. चुरीभाऊ म्हणाले, "बाई, बोलून झालंय सगळं. करूनच दाखवू." आणि या गृहस्थांनी शर्ट काढला, पंचा गुंडाळला, पेटीपुढे एक दगड ओढला, त्यावर मांडी ठोकून बसले आणि नळाखाली बादली लावली.

मी लाजेनं पाठ फिरवली. त्यामुळे आधी मला काही दिसलं नाही, नुसतं कळलं की ओट्यावरचा आवाज बंद झालाय. वळून बघते तो एकीनं तोंडात पदर कोंबलेला, दुसरी सुनंदाला दंडाला धरून आत ओढतेय. चुरीभाऊ खुशाल अंगावर तांबे ओतताहेत. तेवढ्यात कुंपणातून जानूबाय आली. डोक्यावर रिकामी पाटी. तिनं बघितलं, पाटी तिथेच टाकली आणि धावत येऊन या एवढ्या बाप्याला बखोटीला धरून उठवलं.

"उट. पैला उट तितना," ती म्हणाली. "घरात बायको हाय ना तुजी? जिती हाय ना?"

चुरीभाऊ साबणाच्या तोंडानं म्हणाले, "हाय की."

जानूबायनं त्यांना तसंच ओलेत्यानं आत नेलं, मोरीत बसवलं, चुलीवरच्या पाण्यानं पुन्हा अंघोळ करायला लावली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. ते निमूटपणे सगळं करून घेत होते. मला तर भीती वाटायला लागली की माणसाला काही झालंय की काय. मी विचारलं तर जानूबाय म्हणाली, "हितं नको." आणि आम्हा दोघांना घेऊन पार किनाऱ्यावर गेली, ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी. मग सांगितलं.

"बाई, मानूस गेला की त्याच्या न्हान्याचं पानी घरातल्या चुलीवर तापवत नाय. अंगनात तापवतात. दारासमोर. तुमी आमच्या दारादारात तेच मांडून ठेवलंय. आनि तोंड कुटं, तर दक्षिनेला."

मी वाळूतच बसले. अहो, मला हे माहीत नव्हतं का? आमच्याकडेही मढ्याचं पाणी अंगणातच तापतं. दक्षिणेला पाय करून आम्हीही झोपत नाही. पण सरकारी पेटी आणि मढ्याचं पाणी, यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही. मी म्हटलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"दिवा लावतो त्या घरात असं बोलतात? घरात पोरगी पोटुशी हाय."

चुरीभाऊ होडीच्या काठाला टेकून उभे होते, केस ओले, बटणं नेहमीसारखी. मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण त्यांनी विचारलं काय, तर, "जानूबाय, पाणी घरात तापायला पायजे, की घरातनं यायला पायजे?"

जानूबाय विचारात पडली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसणार. ती एकदा घराकडे बघे, एकदा चुरीभाऊंकडे. शेवटी म्हणाली, "घरातनं आलं तरी चालंल. पन चुलीचा हात लागला पायजे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून चुरीभाऊ भिंतींना भोकं पाडत सुटले. पेटीतून पाइप काढून भिंतीतून थेट मोरीत, आणि नळ आत. सकाळी पेटी भरताना पहिला तांब्या चुलीवरच्या ऊन पाण्याचा, मग बाकीच्या बादल्या. पेटी फिरवता येत नव्हती, मोठे साहेब ऐकणारे नव्हते. पण जानूबाय म्हणाली, पेटीचं तोंड असेना का दक्षिणेला, पाणी तर उत्तरेला घरात येतंय. चुरीभाऊंनी मान डोलावली. बाहेरचे नळ मात्र बायकांना गावात नको होते. चुरीभाऊंनी ते सगळे उतरवले, गोणत्यात भरले आणि सायकलला बांधून घेऊन गेले.

सगळ्यांत आधी सुनंदा न्हाली. मोरीच्या दाराबाहेर जानूबाय उभी, तिच्यामागे आळीतल्या बायका, आणि अंगणात पाठ करून चुरीभाऊ. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तरी पोरगी बाहेर येईना. जानूबायनं हाक मारली तर आतून सुनंदा म्हणाली, "येतो, अजून ऊन पानी येतंय." तेव्हा चुरीभाऊ हसले. मोठ्यानं हसलेले मी त्यांना तेवढेच बघितले.

मग तपासणी. साहेब आले ते नेमके सकाळी, पेटी भरायच्या वेळी. जानूबाय घरातून तांब्या घेऊन आली आणि तिनं वाफाळतं पाणी पेटीत ओतलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पाणी तापवायच्या बंबात तापलेलं पाणी कशाला?" चुरीभाऊ पुढे झाले, अगदी शांत. "साहेब, पंपात कसं आधी वरून पाणी घालायला लागतं, तसं. त्याबिगर चालू होत नाय." साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली. मोरीतला नळ सोडून बघितला, सुनंदाला दोन प्रश्न विचारले आणि पेट्या राहू द्या म्हणून सांगून गेले. माघात सुनंदा माहेरी न जाता सासरीच बाळंत झाली, मुलगी झाली, आणि मायलेकींचं न्हाणं त्या पेटीच्या पाण्यानं झालं.

तपासणीच्या दिवशी परत येताना मी विचारलं, "चुरीभाऊ, जानूबायला एक सांगता, साहेबांना दुसरं सांगता. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्या तांब्याचं काही खरं आहे का?" ते म्हणाले, "दोघांनाबी खरंच सांगितलं बाई. चालू झाला ना?" मला धरून हलवावंसं वाटलं. पटतं की नाही, एवढंच विचारलं होतं.

योजना पुढे बंद पडली. खाऱ्या वाऱ्यानं पत्रे खाल्ले, फुटलेल्या काचा मिळेनात, आणि हळूहळू गॅस आला. माझी बदली झाली. निवृत्त झाल्यावर मी पालघरलाच घर केलं आणि कधीमधी केळव्याला चुरीभाऊंकडे जाऊ लागले. त्यांच्या अंगणात एक पेटी होती, जुन्या पेट्यांचे तुकडे जोडून केलेली. पाइप भिंतीतून मोरीत गेलेला, रीतसर. पण पेटीला खाली बाहेरच्या बाजूनंही एक पितळी नळ होता, मुरब्याच्या त्या गोणत्यातला. तो कधी कुणी उघडायचं नाही. पण चुरीभाऊ येताजाता त्याला खोबरेल लावत.

मी म्हटलं, "सगळ्या गावाचे काढलेत आणि आपल्या दारात ठेवलात तो?"

"असू दे. एकदा लागंल."

"कुणाला?"

"ज्याला लागंल त्याला."

आत कमलवहिनी, त्यांची बायको, तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मीच चिडले. म्हटलं, हे काय अभद्र ठेवलंय दारात, आधी काढा. ते हसून म्हणाले, "बाई, शेवटी एक सुट्टं असलेलं बरं." पुन्हा तेच.

चुरीभाऊ गेले ते थंडीत, सकाळी, बसल्याबसल्या. निरोप मिळून मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. ओटीवर त्यांना दक्षिणेकडे पाय करून ठेवलं होतं. त्याच अंगाला अंगणात पेटीचं तोंड. मुरब्याहून जानूबाय आली होती, पार थकलेली, सुनंदाच्या हाताला धरून. सुनंदाची लेक मागे उभी होती. पुरुषमाणसं अंगणात चूल मांडायला दगड शोधत होती, कुणी लाकडं आणायला गेलं होतं. कमलवहिनींनी त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, "चूल नको. सकाळी त्यांनी पेटी भरून ठेवलीय."

भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "अगं सुने, पण रीत..."

जानूबाय उठली. "काय रीत राहिली?" ती म्हणाली. "अंगनात तापलंय. दारासमोर तापलंय. तोंड दक्षिनेला हाय. आनि काय पायजे तुमाला?"

तिनं घागर नळाखाली धरली. नळ एका बोटानं फिरला. पाणी वाफाळत आलं. तिनं सवयीनं कोपर बुडवून बघितलं आणि मान डोलावली. मला तिथेच रडू फुटलं, चारचौघांत, आणि मला त्याची लाज वाटली नाही. कमलवहिनी त्यांच्या अंगातला शर्ट काढत होत्या. बटणं एक घर चुकलेली होती. खाली एक उरलं होतं.

घागर भरल्यावर जानूबायनं नळ बंद केला. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशी आमच्या अंगनात न्हायला बसला, तवा त्याला ठाव हुतं का वो?"

मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही.